हक्का समाजाची स्थलांतरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हक्का नूडल्सपासून सुरू झालेली चौकशी अनेकदा दक्षिण चीनच्या डोंगरांपर्यंत जाऊन पोहोचते, आणि मग तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हक्का म्हणजे नेमके कोण? ते चिनीच आहेत की वेगळी जमात?

हक्का हे हान चिनी समाजातीलच लोक आहेत. चीन सरकारने मान्य केलेल्या ५६ वांशिक गटांत त्यांची वेगळी नोंद नाही. त्यांची गणना हान गटातच होते. त्यांचे वेगळेपण मुख्यतः भाषेत आहे. हक्का ही चिनी भाषाकुळातील स्वतंत्र शाखा मानली जाते आणि केवळ कँटनीज किंवा मँडरिन येणाऱ्या माणसाला ती समजत नाही. ग्वांगदोंग, फुजियान आणि जियांग्शी या तीन प्रांतांच्या सीमा जेथे मिळतात तो डोंगराळ टापू हा त्यांचा गाभ्याचा प्रदेश असून ग्वांगदोंगच्या ईशान्येचे मेइझोउ हे त्यांचे सांस्कृतिक केंद्र समजले जाते. जगभरातील हक्कांच्या संख्येचे अंदाज ४ कोटींपासून ८ कोटींच्याही पुढे जातात. ही तफावत मोजणीतल्या ढिलाईपेक्षा व्याख्येतून अधिक येते, आणि तो मुद्दा प्रश्न १५ मध्ये आला आहे.

२. 'हक्का' हे नाव त्यांना कोणी दिले?

शेजाऱ्यांनी. नावाचा अर्थ 'पाहुणी घराणी' असा सांगतात, पण त्यामागचा सूर पाहुणचाराचा नव्हता, 'उपरे' असा होता. ग्वांगदोंगच्या सखल, सुपीक भागातील कँटनीज भाषक स्वतःला 'पुंती', म्हणजे स्थानिक, म्हणवत आणि डोंगरातून उतरून आलेल्यांना हे नाव लावत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हुइझोउ येथील विद्यापीठात शू शूजेंग या हक्का विद्वानाने आपले लोक उत्तरेकडील जुन्या कुलीन घराण्यांचे वंशज असल्याचे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून हे नाव हळूहळू अभिमानाने मिरवले जाऊ लागले. तरीही १९२० च्या सुमारास शांघायहून निघालेल्या एका इंग्रजी भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात हक्कांना रानटी टोळ्यांत जमा केले गेले. त्यावर जो निषेध उसळला त्यातून १९२१ मध्ये हाँगकाँगची त्सुंग त्सिन संघटना उभी राहिली.

३. हक्कांच्या स्थलांतराच्या 'पाच लाटा' कोणत्या?

ही मांडणी लुओ शियांगलिन या इतिहासकाराची आहे. तो स्वतः हक्का होता आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने हक्का अभ्यासाचा पाया घातला.

त्याच्या मते पहिली लाट चौथ्या शतकातली. इ. स. ३११ मध्ये शियोंगनू या उत्तरेकडील टोळ्यांच्या सैन्याने लुओयांग ही पश्चिम जिन राजवटीची राजधानी जिंकली, दरबार दक्षिणेकडे सरकला आणि हेनान व आसपासच्या भागातील कुटुंबे यांगत्से नदीच्या दिशेने निघाली. दुसरी लाट थांग राजवटीच्या अखेरची. ८७५ ते ८८४ या काळातील हुआंग चाओच्या बंडाने मध्य चीन उद्ध्वस्त केला तेव्हा लोक दक्षिण जियांग्शी आणि पश्चिम फुजियानच्या खोऱ्यांत शिरले. तिसरी लाट सोंग काळातली : ११२७ मध्ये जुर्चेन या ईशान्येकडील लोकांच्या आक्रमणाने उत्तर चीन हातचा गेला आणि १२७० च्या दशकात मंगोलांनी दक्षिणही घेतली, त्या धुमाळीत वस्ती ईशान्य ग्वांगदोंगपर्यंत पोहोचली. चौथी लाट चिंग राजवटीच्या आरंभीची, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची. तिने हक्कांना ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर, सिचुआनात, ग्वांगशीत आणि तैवानात नेले. पाचवी लाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील युद्धांनंतरची असून तिच्यातले पुष्कळजण समुद्र ओलांडून गेले.

४. ही मांडणी आज सर्व अभ्यासकांना मान्य आहे का?

नाही, आणि हक्कांविषयी वाचताना लक्षात ठेवावा असा हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. शेवटच्या दोन लाटांना सरकारी दप्तर, जमिनीचे व्यवहार, देवळांतील शिलालेख आणि परकीयांच्या नोंदी यांचा भक्कम आधार आहे. पहिल्या तिन्हींचा आधार मात्र मुख्यतः घराण्यांचे कुलवृत्तान्त हा आहे.

कुलवृत्तान्त वाचण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यातली मेख लगेच कळेल. मागच्या आठ-दहा पिढ्यांपर्यंतची माहिती बहुधा विश्वासार्ह असते. त्यामागे मूळ पुरुष एखाद्या नामांकित क्षेत्रातून आल्याची कथा जोडलेली असते. हक्का कुलवृत्तान्तांत हे क्षेत्र म्हणजे पश्चिम फुजियानमधील निंगहुआ परगण्यातले शिबी गाव. सोंग काळात आपला पूर्वज शिबीला आला आणि तेथून पुढे गेला असे शेकडो घराणी सांगतात. शिबी डोंगरातून जाणाऱ्या वाटेवर आहे, त्यामुळे तेथून पुष्कळ लोक गेले असतील हे खरे; पण एवढ्या घराण्यांचा उगम एका खेड्यात असणे अवघड आहे. शिवाय यांपैकी अनेक कुलवृत्तान्त मिंग आणि चिंग या राजवटींच्या काळात (१३६८ ते १९१२) लिहिले गेले, ज्या काळात उत्तरेकडील कुलीन मूळ सांगता येणे प्रतिष्ठेचे होते आणि शेजाऱ्यांच्या हेटाळणीला ते उत्तरही होते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. चौथ्या शतकात दक्षिणेला आलेले उत्तरेकडील लोक हे केवळ हक्कांचे पूर्वज नव्हते. कँटनीज आणि फुजियानमधील मिन भाषक घराणीही तीच कथा सांगतात. तेव्हा त्या लाटेला 'हक्का स्थलांतर' म्हणणे म्हणजे पुढे हजार वर्षांनी घडलेल्या ओळखीचे नाव मागे नेऊन लावणे होय. भाषेचा पुरावाही सावध करणारा आहे. मध्ययुगीन चिनीतील घोष व्यंजने (ग, द, ब यांसारखी) हक्कामध्ये सरसकट अघोष महाप्राण (ख, थ, फ यांसारखी) झाली आहेत आणि जियांग्शीतील गान भाषेतही अगदी हाच बदल दिसतो. त्यामुळे हक्का भाषा उत्तरेकडून जशीच्या तशी आणलेली नसून ती दक्षिणेच्या डोंगरात, शेजारच्या भाषांच्या संगतीत घडली असे मानण्याकडे कल आहे. आनुवंशिक अभ्यासांत दक्षिणेकडील हान समाजाचा पितृवंश बराचसा उत्तरेकडचा आणि मातृवंश अधिक मिश्र आढळतो. हक्काही त्याला अपवाद नाहीत.

लुओने उत्तरेकडील मूळ अगदीच कल्पिले असे यावरून ठरत नाही. मात्र माणसे उत्तरेकडून आली आणि 'हक्का' दक्षिणेत घडले, अशी या दोन गोष्टींची फोड करून पाहिली तर उपलब्ध पुराव्याशी अधिक मेळ बसतो.

५. ते डोंगरातच का राहिले?

खोऱ्यांतील भातशेतीची जमीन आधीच इतरांकडे होती म्हणून. डोंगरात शे नावाचे लोक फिरती शेती करीत होते. हक्कांनी त्यांच्याशी संघर्षही केला, सोयरीकही केली आणि पुष्कळ शब्द उचलले. सोळाव्या शतकानंतर अमेरिकेतून आलेली रताळी आणि मका ही पिके चढावरच्या हलक्या जमिनीत येऊ लागल्यावर डोंगर अधिक माणसे पोसू लागला. त्याच्या जोडीला नीळ, तंबाखू, इमारती लाकूड आणि खाणकाम ही रोख उत्पन्नाची साधने होती. अशा कामांसाठी डोंगरात तात्पुरत्या झोपड्या घालून राहणाऱ्यांना सरकारी कागदांत 'झोपडीवाले' म्हटले जाई. त्यांतले सगळे हक्का नव्हते, परंतु बरेच होते. माणसे वाढली की हा डोंगर पुन्हा अपुरा पडे आणि पुढची पिढी निघे, त्यामुळे हक्कांचे प्रत्येक स्थलांतर युद्धामुळेच झाले हा समज चुकीचा आहे.

६. मातीची गोल, किल्ल्यासारखी घरे हक्कांचीच का?

बहुतांश, पण सर्व नव्हेत. फुजियानच्या ज्या ४६ तुलौंना, म्हणजे अशा मातीच्या घरांना, २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतील योंगडिंग परगण्यातील घरे हक्कांची आहेत. नानजिंग आणि हुआआन परगण्यांतील काही घरे मिन्नान (दक्षिणेकडील मिन) भाषकांची आहेत. दरोडेखोरी आणि गावागावांतील मारामाऱ्या या दोन्ही समाजांच्या वाट्याला सारख्याच आल्या होत्या, तेव्हा जाड मातीच्या भिंती, तळमजल्याला बाहेरच्या बाजूने खिडकी नाही आणि आत एकाच आडनावाची अनेक कुटुंबे, ही रचना दोघांनाही सोयीची होती. मेइझोउच्या परिसरात गोल घरे नव्हे तर मागे अर्धवर्तुळाकार खोल्या आणि पुढे तळे असलेली घरे आढळतात, आणि दक्षिण जियांग्शीत चौकोनी गढ्या. फिरत्या लोकांनी एवढी अवजड घरे कशी बांधली असाही प्रश्न येतो. ही घरे बहुतेक मिंग आणि चिंग काळातली, म्हणजे स्थिरावल्यानंतरची आहेत.

७. किनारा रिकामा करण्याच्या सरकारी हुकमाचा हक्कांशी काय संबंध?

चिंग राजवटीविरुद्ध लढणाऱ्या, तैवानमधील झेंग घराण्याच्या आरमाराला रसद मिळू नये म्हणून चिंग सरकारने १६६१ पासून दक्षिण किनाऱ्यावरील रहिवाशांना आत हलवले, गावे जाळली आणि शेते पडीक टाकली. १६६९ मध्ये हा हुकूम बराचसा मागे घेतला गेला, पण गेलेल्यांतले थोडेच परतले. महसूल बुडू लागल्यावर अधिकाऱ्यांनी डोंगरातील कुळांना सवलती देऊन बोलावले. आजच्या हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातील हक्का गावे या पुनर्वसनातून उभी राहिली. कुळे खंड देत राहिली, पुढे आपले हक्क मागू लागली, आणि सुमारे पावणेदोनशे वर्षांनी पेटलेल्या वैराची बीजे येथे पडली (प्रश्न १०).

८. सिचुआनसारख्या दूरच्या प्रांतात हक्का कसे पोहोचले?

मिंग-चिंग संक्रमणातील युद्धांनी आणि झांग शियानझोंग या बंडखोर सरदाराच्या कत्तलींनी सिचुआन ओस पडल्यावर चिंग सरकारने तेथे वसाहतीला उत्तेजन दिले. हुनान-हुबेइमधून गेलेले लोक संख्येने सर्वाधिक होते, पण ग्वांगदोंग, फुजियान आणि जियांग्शीतून हक्काही गेले. छंगडूजवळच्या लुओदाय गावात १७४६ साली बांधलेले ग्वांगदोंगकरांचे सभागृह आजही उभे आहे. गंमत अशी की हे लोक आपल्या बोलीला 'ग्वांगदोंगची बोली' म्हणत. आपण 'हक्का' आहोत हे त्यांच्यातल्या अनेकांना विसाव्या शतकात बाहेरून कळले. पुंती शेजारी नसल्याने तेथे त्या नावाची गरजच पडली नव्हती.

९. तैवानमधील हक्का केव्हा गेले आणि ते विशिष्ट भागांतच का आहेत?

चिंग राजवटीने १६८३ मध्ये तैवान घेतल्यानंतर. दक्षिणेला पिंगडुंगच्या मैदानात आणि वायव्येला ताओयुआन, शिनझू, म्याओली या टापूंत त्यांची वस्ती एकवटलेली आहे. हक्का उशिरा आले म्हणून त्यांना डोंगरपायथा मिळाला असे सरसकट सांगितले जाते, पण दक्षिणेतील वसाहती सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या, आणि त्याही सपाट, पाण्याच्या जमिनीवरच्या आहेत. वस्ती एकवटण्यात फुजियानी भाषकांशी झालेल्या मारामाऱ्यांचा वाटा मोठा होता. १७२१ मध्ये झू यीगुईच्या बंडाच्या वेळी दक्षिणेतील हक्का गावांनी स्वसंरक्षणासाठी सहा पथके उभारली आणि त्या प्रदेशाला आजही 'सहा पथके' याच अर्थाचे नाव आहे. १७८६-८८ च्या लिन शुआंगवेन बंडात मारल्या गेलेल्या हक्का सैनिकांचे शिनपू येथील देऊळ हे उत्तर तैवानातील हक्कांचे मोठे श्रद्धास्थान आहे. हक्का दोन्ही वेळा सरकारच्या बाजूने लढले, ही गोष्ट त्यांचे शेजारी विसरले नाहीत.

१०. ताइपिंग बंड आणि पुंती-हक्का युद्ध एकच का?

नाही. काळ जवळपास एकच असल्याने दोहोंची गल्लत होते.

ताइपिंग बंडाचा नेता होंग शियूचुआन हा ग्वांगदोंगच्या हुआ परगण्यातला हक्का होता. राजसेवेच्या परीक्षांत वारंवार अपयश आल्यावर त्याला दृष्टान्त झाले आणि त्याने स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानले. ग्वांगशीच्या डोंगरात, जेथे उपऱ्या हक्कांचे स्थानिकांशी जमिनीवरून वाद चालू होते, तेथे त्याचे अनुयायी वाढले. जानेवारी १८५१ मध्ये जिनतियेन येथे बंड उभे राहिले, १८५३ मध्ये यांगत्सेकाठचे नानजिंग शहर (प्रश्न ६ मधला परगणा नव्हे) बंडखोरांच्या हाती पडले आणि १८६४ मध्ये सारे संपले. मृतांचा सर्वसाधारण अंदाज २ कोटींच्या आसपास आहे. पुढे त्या सैन्यात इतर समाजांचे लोक बहुसंख्य झाले.

पुंती-हक्का युद्ध १८५५ ते १८६७ या काळात पर्ल नदीच्या पश्चिमेकडे, तायशान, काइपिंग, एनपिंग, हशान या परगण्यांत झाले. १८५४ च्या लाल फेटेवाल्यांच्या बंडात हक्कांनी सरकारला मदत केली आणि त्या आडून काही पुंती गावांवर सूड उगवला. बंड शमल्यावर पुंतींनी परतफेड केली. बारा वर्षे गावे जळत राहिली, काही लाख माणसे मेली, आणि दोन्हीकडच्या कैद्यांना मकाव बंदरातून क्यूबा आणि पेरूच्या मळ्यांवर विकले गेले. अखेर १८६७ मध्ये सरकारने हक्कांसाठी छीशी हा छोटा विभाग वेगळा काढला आणि इतरांना पैसे देऊन ग्वांगशी, हायनान व नैर्ऋत्य ग्वांगदोंगकडे पाठवले. ताइपिंग धर्माच्या नावाने लढले. येथे प्रश्न शेताच्या बांधाचा होता.

११. परदेशी गेलेले हक्का कुठे आणि कोणत्या कामावर गेले?

सर्वांत आधी खाणींवर. अठराव्या शतकात पश्चिम बोर्निओच्या सुलतानांनी सोने काढण्यासाठी हक्कांना बोलावले. त्यांनी भागीदारीच्या मंडळ्या काढल्या, ज्यांना 'कोंगसी' म्हणत. मेइझोउकडील लुओ फांगबो याने १७७७ मध्ये स्थापलेली लानफांग ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिचा प्रमुख निवडला जाई, ती न्यायदान करी, कर घेई, आणि १८८४ मध्ये डचांनी ती मोडीत काढेपर्यंत टिकली. तिला 'आशियातील पहिले प्रजासत्ताक' म्हणण्याची हौस अनेकांना असते. खाणमालकांच्या मंडळीने राज्यकारभार हाती घेतला, एवढे म्हटले तरी तिचे महत्त्व उणावत नाही.

मलायात कथिलाच्या खाणी हक्कांनीच मोठ्या प्रमाणावर चालवल्या. हुइझोउहून आलेला याप आ लोय १८६८ मध्ये क्वालालंपूरच्या चिनी वस्तीचा कापितान (प्रमुख) झाला आणि यादवीत भस्मसात झालेले ते गाव त्याने पुन्हा उभारले. बाझेल मिशनमधील ख्रिस्ती हक्का १८८३ पासून उत्तर बोर्निओच्या कुदात येथे शेतीसाठी गेले. जमैका, सुरिनाम, ताहिती, तिमोर येथील चिनी वस्तीतही हक्कांचे प्रमाण मोठे आहे. मराठी गिरमिटियांचे वंशज जेथे आहेत त्या मॉरिशसमध्ये मेइझोउकडील हक्कांनी ऊसमळ्यांच्या गावागावांत किराणा दुकाने थाटली. त्या दुकानदारांच्या समाजातले पुढारी आणि मंत्री ज्याँ मोइलिन आ-शुएन यांचे चित्र मॉरिशसच्या २५ रुपयांच्या नोटेवर आहे.

१२. स्त्रियांनी पाय बांधले नाहीत याचा स्थलांतराशी संबंध आहे का?

आहे, परंतु कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होता कामा नये. हक्का स्त्रिया सामान्यतः पाय बांधत नसत, कारण डोंगरशेती, सरपण आणि ओझी त्यांच्याच अंगावर होती. त्यामुळे पुरुष खाणीवर, मजुरीवर किंवा समुद्रापार वर्षानुवर्षे जाऊ शकले आणि घर चालू राहिले. यालाच कोणी 'स्त्रीस्वातंत्र्य' म्हणते. घरची सत्ता मात्र पुरुषांकडे आणि सासूकडेच होती.

१३. भारतात हक्का केव्हा आले? मुंबईतही होते का?

भारतातील त्यांचे मुख्य ठिकाण कोलकाता. १७८० च्या सुमारास वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून बजबजजवळ साखर कारखाना काढणारा तोंग आ-च्यू हा पहिला चिनी वसाहतकार मानला जातो. आचिपूर हे गाव त्याच्याच नावाचे. तो हक्का होता असे ठामपणे म्हणता येत नाही. पुढे कामाची वाटणी झाली : सुतारकाम कँटनीजांकडे, दात बसवणे हुबेइकडच्यांकडे, चपला-बूट आणि चामडे कमावणे हक्कांकडे. सवर्ण हिंदूंनी विटाळाचे मानलेले हे काम हक्कांना मोकळे मिळाले, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टांग्रा भागात त्यांच्या टॅनऱ्या उभ्या राहिल्या.

१९६२ च्या युद्धात सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, मुख्यतः आसाम आणि उत्तर बंगालमधून, राजस्थानातील देवली छावणीत डांबले गेले. त्यांत भारतात जन्मलेले पुष्कळ होते आणि काहींची सुटका व्हायला वर्षे लागली. त्यानंतर परदेशगमनाचा ओघ वाढला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टॅनऱ्या हलवण्याचा आदेश दिल्यावर टांग्रात उपाहारगृहे अधिक आणि कारखाने कमी अशी स्थिती झाली. टोरांटो परिसरात 'हक्का' पाटी लावलेली जी भोजनालये आहेत, ती बहुतांशी याच कोलकातेकरांच्या स्वयंपाकाची परंपरा चालवतात.

मुंबईचे मूळ वेगळे आहे. माझगावचे १९१९ सालचे चिनी देऊळ 'सी यिप' म्हणजे चार परगण्यांच्या लोकांचे, आणि हे चार परगणे म्हणजे तायशान, काइपिंग, एनपिंग आणि शिनहुई. यांतल्या पहिल्या तिघांतच प्रश्न १० मधले युद्ध झाले, आणि देऊळ बांधणारे त्या युद्धातल्या पुंती बाजूच्या कँटनीज मुलखातले. तेव्हा 'मुंबईचे जुने चिनी म्हणजे हक्का' हे समीकरण चालत नाही.

१४. मग हक्का नूडल्स हा हक्कांचा पदार्थ नाही का?

कोलकात्याच्या हक्का स्वयंपाक्यांच्या हातून भारतात घडलेला पदार्थ, असे म्हणणे योग्य. मोठ्या आचेवर परतलेला कोबी, ढोबळी मिरची, सोया सॉस आणि व्हिनेगर घातलेला हा प्रकार मेइझोउत या नावाने मिळत नाही. तेथे न्याहारीला डुकराची चरबी आणि तळलेला लसूण लावलेल्या नूडल्स खातात. मूळच्या हक्का स्वयंपाकात मिठात भाजलेली कोंबडी, सारण भरलेले टोफू आणि वाळवलेल्या मोहरीच्या पाल्याबरोबर शिजवलेले डुकराचे मांस हे पदार्थ मुख्य आहेत. मीठ आणि वाळवण यांचा हा भर डोंगरातील साठवणीतून आलेला आहे.

१५. हक्का भाषा येत नसेल तर माणूस हक्का राहतो का? आणि भाषा येणारा प्रत्येकजण हक्का असतो का?

दोन्ही बाजूंनी अपवाद आहेत. तैवानात शेजाऱ्यांत मिसळून फुजियानी बोलू लागलेली हक्का कुटुंबे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी संज्ञाही आहे. तेथील २०१० च्या हक्का मूलभूत कायद्याने हक्का रक्त किंवा हक्कांशी जुने नाते असलेला आणि स्वतःला हक्का मानणारा तो हक्का, अशी व्याख्या केली. म्हणजे भाषा ही अट ठेवली नाही. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचे पणजोबा दाबू परगण्यातले हक्का होते, तरी घरात वावर इंग्रजी आणि मलयचा होता. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यात-सेन यांच्याबद्दल तर लुओ शियांगलिनने हक्का मूळ सांगितले आणि इतर अभ्यासकांनी ते खोडून काढले. चीनचे कम्युनिस्ट नेते देंग शियाओपिंग यांच्याविषयीचा दावाही असाच वादग्रस्त आहे. अशा याद्या वाचताना प्रत्येक नावामागे पुरावा कोणत्या दर्जाचा आहे ते पाहावे. कुलवृत्तान्ताची मर्यादा प्रश्न ४ मध्ये सांगितली आहे.

उलट बाजूने, शे लोकांपैकी बहुसंख्य आज हक्काशी अगदी जवळची भाषा बोलतात आणि त्यांची मूळ भाषा ग्वांगदोंगच्या काही मोजक्या गावांतच उरली आहे. तरीही ते हक्का नाहीत. सरकारी नोंदीत ते स्वतंत्र अल्पसंख्य गट आहेत आणि स्वतःलाही तसेच मानतात. शे लोक आणि हक्का या डोंगरात काही शतके एकत्र राहिल्याने कोणता शब्द कोणी कोणाकडून घेतला याचा वाद भाषाशास्त्रज्ञांत अजून चालू आहे.